शेळीच्या वळणावरची शांतता

मार्ग: नदीवरच्या पुलापासून सेर्राफोस्का गावापर्यंत. चढ: भरपूर. वर्दळ: शून्य.

वरची ओळ माझी. त्यातलं शून्यही माझंच! मंडळी, इटलीतल्या अख्ख्या बासिलिकातात आमच्या रस्त्याइतका शांत रस्ता दुसरा नाही, हे मी तेव्हा कुणालाही छाती ठोकून सांगायचो. इतका शांत, की फेब्रुवारीत तुम्ही पुलापाशी शिंकलात, तर वर चौकातून "जपा तब्येतीला!" असं उत्तर यायचं. दोन्ही बाजूंना कापलेल्या गव्हाची पिवळी टेकाडं, मध्ये मध्ये ऑलिव्हची झाडं, दर वळणावर एक कुत्रा आणि तोही झोपलेला. परदेशातली सायकलवाली माणसं असल्या रस्त्यांसाठी जीव टाकतात म्हणे. आमची माणसं याच रस्त्यावरून जीव घेऊन पळाली. तोरिनोला, जर्मनीला, स्वित्झर्लंडला, जिथे पगार मिळेल तिथे. रस्ता शांत झाला तो त्यामुळे! पण जाहिरातीत असलं लिहीत नाहीत.

(देल्फिना म्हणते, "तू सायकल कधी चालवलीस ते सांग की आधी." देल्फिना माझी बायको. मी बोलायला लागलो की ती मागे येऊन उभी राहते, जकात नाक्यावरच्या शिपायासारखी.)

बरं, सांगतो. सायकल मी चालवलेली नाही. रस्त्याची पाहणी मी मोटारीतून केली. पण उतारावर इंजिन बंद करून! म्हणजे शांततेचाही अंदाज आला.

मुक्काम: गावाच्या वेशीवर, उजवीकडे.

तिथे माझ्या बापाचा मेंढवाडा होता. मी मेंढ्या विकल्या, भिंतींना चुना दिला, चार खोल्या काढल्या, सायकली टांगायला खुंट्या ठोकल्या आणि दारावर तीन भाषांत पाटी लावली. पाहुणे मात्र तिन्हींपैकी एकाही भाषेतले आले नाहीत.

एके दिवशी देल्फिनाने चादरींच्या घड्या घालता घालता निकाल दिला. "एजिदिओ, या उन्हाळ्यात पाहुणे यायला लागले तर ठीक. नाहीतर सप्टेंबरात आपण कानिओकडे."

कानिओ म्हणजे तिचा भाऊ. स्टुटगार्टला त्याचा पिझ्झाचा धंदा. जेवण झाल्यावर दुधाची कॉफी (आमच्याकडे ती फक्त सकाळी, न्याहारीलाच!) मागणारी माणसं तिथे येतात आणि ती कॉफी त्यांना हसत हसत द्यावी लागते! त्यापेक्षा फासावर दिलेलं बरं.

म्हणून मी हॉलंडच्या एका बाईला पत्र धाडलं. नाव फेम्के. ती शांत रस्त्यांचं पुस्तक काढते. त्या पुस्तकात रस्ता आला की सायकलवाल्यांची रीघ लागते. बाईचा नियम एकच आणि कडक: पूर्ण चढात सायकलच्या बाजूने गेलेल्या गाड्या एका हाताच्या बोटांपेक्षा जास्त नकोत. मी म्हटलं, एक हात? आमच्याकडे एक बोट पुरे!

बाईचं उत्तर आलं. तिला फोटो आवडले होते. ती स्वतः चढून बघणार होती. मी देल्फिनाला कवेत घेऊन स्वयंपाकघरात गरागरा फिरवलं.

"कधी येतेय?"

"ऑगस्टमध्ये! मरियामातेच्या सणाच्या आदल्या दिवशी!"

देल्फिनाने फिरणं थांबवलं. "ऑगस्टमध्ये? तू हो म्हणालास? अरे, तुझ्या डोक्यात मेंदू आहे की मेंढवाडा?"

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. मी शून्य मोजलं होतं फेब्रुवारीत!

सावधान: ऑगस्ट.

ऑगस्टमध्ये आमचं गाव परत येतं. सगळं, एकदम, गाडीत बसून. अकरा महिने परमुलखात खपून घेतलेली गाडी गावाला दाखवायची नाही, तर काय चाटायची? त्यामुळे जो तो सकाळी पुलापर्यंत खाली जातो आणि वर येतो. काम काही नसतं. कानिओची गाडी तर इतकी लांब, की तिचे पुढचे दिवे चर्चपाशी पोचतात तेव्हा मागचे अजून न्हाव्याच्या दुकानापाशी असतात.

मी सगळ्यांना बारमध्ये गोळा केलं.

"हे बघा, शनिवारी सकाळी कुणीही गाडी बाहेर काढायची नाही. गावाच्या भल्याचा प्रश्न आहे. ती बाई खूश झाली तर माझ्याकडे पाहुणे येतील, तुमच्याकडे कॉफी पितील, लिगोरिओकडे दाढी करतील."

"बायकापण?" न्हावी लिगोरिओने आशेने विचारलं.

"ठरलं!" कानिओ ओरडला. "माझ्या गाडीची शपथ!" कानिओच्या लेखी आईच्या शपथेपेक्षा ही मोठी.

"आणि हॉर्न?" फादर साविनोंनी विचारलं.

"हॉर्न तर मुळीच नाही!"

आमच्याकडे हॉर्न म्हणजे भांडण नव्हे, मंडळी. आंधळं वळण आलं की दोनदा वाजवायचा. म्हणजे, मी येतोय. समोरूनही दोनदा वाजला की खालच्याने रुंद जागा बघून थांबायचं. आमचे आजे गाढवावरून जाताना याच वळणांवर हाळी देत. पण हॉलंडच्या बाईला हे कोण समजावणार? त्यांच्याकडे वळणच नाही, सगळा देश इस्त्री केल्यासारखा!

सगळ्यांनी छातीवर हात ठेवून कबूल केलं. फादरनी तर प्रार्थनेनंतर जाहीरच केलं, "शेजाऱ्यावर प्रेम करा आणि शनिवारी गाड्या घरी ठेवा."

प्रस्थान: चौक, शनिवार, सकाळ.

चौक रिकामा. रस्ता रिकामा. कारंज्याच्या कट्ट्यावर मी एकटा, सरपंचाच्या थाटात. फेम्केबाई पुलाकडून निघाल्याचा निरोप आला होता. मी मनातल्या मनात पाहुण्यांना खोल्या वाटून देत होतो, इतक्यात कानिओच्या गॅरेजचं शटर हळूच वर गेलं.

"कानिओ! कुठे?"

"शू! बर्फ आणायला. उद्या तीस माणसं जेवायला आहेत."

"पण ठरलंय ना, कुणी निघायचं नाही?"

"अरे, म्हणूनच तर निघालो! आज रस्त्यावर कुणीच नाही. ऑगस्टमध्ये असा मोकळा रस्ता पुन्हा मिळेल का?"

आणि गेला. हॉर्न न वाजवता, हे कबूल करायला हवं.

त्याच्यामागे फादर साविनो. खिडकीतून आशीर्वादाचा हात बाहेर.

"फादर, तुम्हीसुद्धा? तुम्हीच तर सांगितलंत, गाड्या घरी ठेवा!"

"माझी घरीच आहे, बाळा. ही बिशपसाहेबांची. मेणबत्त्या आणायच्यात. आज वाटेत कुणी नसेल, पटकन होईल."

मग लिगोरिओ. मग औषधवाली. मग स्वित्झर्लंडवाले, अख्खं कुटुंब, पोहायचे कपडे घालून. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एकच समाधान: सगळं गाव मूर्खासारखं घरी बसलंय आणि शहाणा मी एकटा! प्रत्येक जण हळू, चोरपावलांनी, इंजिनाचा आवाज गिळत निघालेला. मांजरांची वरात दुधाकडे निघावी तशी!

यांना थांबवायलाच हवं होतं. म्हणून मी माझी गाडी काढली.

(देल्फिना म्हणते, "हे नीट सांग." सांगितलं की! थांबवायला काढली! "गाडी बाहेर काढू नका हे सांगायला गाडी बाहेर काढली. आणि मीही मूर्ख, शेजारी बसले.")

वळण.

याला शेळीचं वळण म्हणतात. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, मध्ये एक गाडी आणि एक इच्छा मावेल इतकाच रस्ता.

वरून कानिओ आला, हॉर्न न वाजवता. खालून प्रोस्पेरोकाका आला, हॉर्न न वाजवता. काकाची तीनचाकी आपे टोमॅटोच्या पेट्यांनी मंदिराच्या शिखरासारखी भरलेली. वर्षभराचा रस्सा बाटल्यांत भरायचा म्हणून शेतावरचा हंडा, शेगडी, सिलिंडर, सगळा संसार मागे, आणि त्या सगळ्यावर पास्क्वीनाकाकू, सिंहासनावर बसल्यासारखी.

दोघांनी ब्रेक मारले. मध्ये एका टोमॅटोएवढं अंतर राहिलं. तो टोमॅटो पडला आणि ते अंतरही भरलं.

"मागे घे," कानिओ म्हणाला.

"तू घे," काका म्हणाला.

"काका, रुंद जागा तुमच्यामागे आहे!"

"माझ्या गाडीला मागे जायचा गिअर नाही."

"नाही म्हणजे?"

"तुटला. कधीचाच. माणसाने पुढे जावं रे, पोरा. तूही गेलास, जर्मनीला. आता घे ते जहाज मागे!"

"हे मागे घेतलं तर कड्याला घासेल. नवीन रंग आहे!"

"मग रंगालाच सांग, काकाला वाट दे म्हणून."

कानिओने इंजिन बंद केलं. काकाने इंजिन बंद केलं. आमच्याकडे दोन पुरुषांनी इंजिन बंद केलं की पुढचं बोलणं नातवंडं करतात.

तेच वळण.

कानिओच्या मागे बिशपसाहेबांची गाडी, तिच्यामागे लिगोरिओ, औषधवाली, स्वित्झर्लंड, सर्वांत शेवटी मी. काकाच्या मागे खालून येणारे: पाववाला, एक ट्रॅक्टर, आणि त्यांच्यामागे एक अख्खी बस! उद्याच्या मिरवणुकीसाठी बोलावलेलं बँडपथक. त्यांना बिचाऱ्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं.

मी पळत पळत पुढे गेलो. "गाड्या काढा! बाई येतेय!"

"कशा काढू?" सगळे एका सुरात.

"निदान आवाज करू नका!"

"आम्ही कुठे करतोय? करतोयस तो तू!"

अजून तेच वळण. ऊन चढलंय.

पास्क्वीनाकाकूने एक टोमॅटो हातात घेऊन दाबला. तिचा चेहरा डॉक्टरसारखा गंभीर झाला.

"अर्ध्या तासात आंबतील," ती म्हणाली. "सगळे. अख्खं वर्ष रस्स्याशिवाय."

मंडळी, आमच्याकडे माणूस अडकला तर चालतं, टोमॅटो वाया गेलेला चालत नाही. काकूने काकाकडे पाहिलं, कानिओकडे पाहिलं, मग पुरुष जातीचा नाद सोडून ती खाली उतरली आणि भर रस्त्यात शेगडी मांडली. हंडा चढला. औषधवाली सुरी घेऊन आली. स्वित्झर्लंडवालीने पोहायच्या कपड्यांवर ॲप्रन बांधला. पाववाल्याने पाव कापला. माझ्या बायकोने कांदा चिरायला घेतला.

"देल्फिना! तूसुद्धा?"

"काहीतरी तर शिजू दे," ती म्हणाली. "तुझं काही शिजेलसं दिसत नाही."

इतक्यात बसमधून बँडमास्तर उतरला, पोट हातात धरून. "पोरांची बोटं आखडतील. थोडं वाजवून घेऊ?"

"नाही!"

"हळू वाजवतो."

"हळू?"

"अगदी हळू. हळू वाजवायचं एक गाणं आम्हाला पाठ आहे."

मी थकलो होतो. मी म्हटलं, वाजवा बाबांनो. आणि त्यांनी सुरू केलं. मंडळी, आमच्याकडच्या बँडला हळू वाजवायचं एकच गाणं पाठ असतं. ते प्रेतयात्रेला वाजवतात!

आणि त्याच वळणावर.

फेम्केबाई आली. लाल चेहरा, पांढरं हेल्मेट, काठीसारखी सडपातळ. बसला वळसा घालून ती पुढे आली आणि थबकली. समोर प्रेतयात्रेचं संगीत. फादर झग्यात उभे. बायकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. कांद्याचं, पण तिला काय माहीत! ती सायकलवरून उतरली, तिने हेल्मेट काढून छातीशी धरलं आणि हळूच विचारलं, "कोण गेलं?"

देल्फिनाने सुरी माझ्याकडे रोखली. "यांचा धंदा."

बाईला काही कळेना. पास्क्वीनाकाकूने तिला एका पेटीवर बसवलं, "अगं पोरी, किती वाळलीस, तुमच्याकडे आया नसतात का?" म्हणत पावावर गरम रस्सा ओतून हातात दिला. बाईने घास घेतला. डोळे मिटले. दुसरा घेतला. मग डोळे उघडून तिने गाड्यांकडे पाहिलं, आणि एका हाताची बोटं मिटायला लागली. एक, दोन, तीन...

आणि नेमकं तेव्हाच, मंडळी, मला सुचलं! जन्मात एकदाच सुचतं असं!

"बाई, थांबा! तुमचा नियम काय? सायकलच्या बाजूने *गेलेल्या* गाड्या!"

"हो."

"मग तुमच्या बाजूने आज किती गाड्या गेल्या?"

तिने आपल्या मिटलेल्या बोटांकडे पाहिलं.

"एकही नाही! तुम्ही त्यांच्या बाजूने गेलात! या सगळ्या उभ्या आहेत. ही वर्दळ नाही, ही... ही झाडं आहेत! ऐका, एक तरी इंजिन चालू आहे का?"

बँड थांबला होता. खरोखर एकही इंजिन चालू नव्हतं. हंड्यात रस्सा रटरटत होता, खाली दरीत कुठेतरी मेंढीची घंटा वाजत होती.

बाई हॉलंडची. नियम म्हणजे नियम! तिने मिटलेली बोटं एकेक करून उघडली. "खरं आहे," ती म्हणाली. "अजून तरी शून्य. वरचा अर्धा चढ असाच गेला, तर रस्ता पुस्तकात."

मी देल्फिनाकडे पाहिलं. ती हसत होती! लग्नानंतर पहिल्यांदाच, आणि माझ्यामुळे! मी सायकल उचलून आपेवर चढवली, म्हणजे गाड्यांच्या टपांवरून हातोहात पलीकडे पोचवता येईल, आणि बाईला हात देऊन कड्याच्या कडेशी आणलं. "चला बाई, वर गाव आहे, आरामात या!"

संपलं होतं, मंडळी. मी जिंकलो होतो. त्या क्षणी सगळ्यांनी नुसतं बसून राहायचं होतं.

पण आमच्या माणसांना तेवढं एक जमत नाही.

उरलेला चढ.

"एकटी जाणार ती?" पास्क्वीनाकाकू म्हणाली. "आपल्याकडे जेवलेली पोर, या उन्हात, एकटी?"

"शोभत नाही," फादर म्हणाले.

"गावाची लाज जाईल," लिगोरिओ म्हणाला.

"नाही! शोभतं! लाज जाऊ द्या!" मी.

कानिओ छाती काढून गाडीत बसला. "म्हाताऱ्यासाठी मी बोटभर हललो नसतो. पाहुणीसाठी गावापर्यंत मागे घेतो!" आणि त्याने घेतली. कड्याला घासत, नव्या रंगाची साल काढत! त्याच्यामागची प्रत्येक गाडी उलटी चालायला लागली. माझीसुद्धा, देल्फिना चालवत होती, नाहीतर उलट्या येणाऱ्यांनी गाडीचा चुराडा केला असता.

आता चित्र बघा. मध्ये सायकलवर बाई. पुढे अर्धं गाव, उलटं, माना वळवून वर चढतंय. मागे अर्धं गाव, सुलटं: आपे, त्यात उकळता हंडा धरून काकू, पाववाला, ट्रॅक्टर, बस, आणि बसच्या टपावर बँड. आता हळू वाजवायचं कारणच नव्हतं! राजाच्या हत्तीपुढेही इतकी माणसं चालली नसतील.

आणि वळण आलं. पन्नास वर्षांची सवय ती! कानिओने दोनदा वाजवला. फादरनी दोनदा. मग सगळ्यांनी. मग दरीपलीकडच्या गावातून कुणीतरी दोनदा उत्तर दिलं.

तरीही बाजूने कुणी गेलेलं नव्हतं! पुढचे पुढे, मागचे मागे! मी धावत धावत ओरडत होतो, "कुणी पुढे जाऊ नका! देवाची आण!" गावाची वेस दिसली, रस्ता रुंद झाला. शून्य! अजून शून्य!

तेवढ्यात प्रोस्पेरोकाकाच्या मनात आलं, की बाईचं स्वागत करायला गावात आधीच कुणीतरी हजर हवं.

तो बाजूने गेला. टोपी उंचावत. मग पाववाल्याला वाटलं, काकाने करावं आणि मी नाही? मग ट्रॅक्टर. मग बस. एका हाताची बोटं बसपाशी नाही संपली, पण बसमागे खालून येऊन लागलेले बाकीचेही निघाले. बाईने दुसऱ्या हाताची मिटायला घेतली, आणि ती पुरेनात तेव्हा तिने दोन्ही हात हँडलवर ठेवले. तेच शहाणपणाचं होतं.

चौकात तिला सगळ्यांनी मिठ्या मारल्या. मी मात्र दूर उभा होतो. ती माझ्याकडे आली.

"इतका सुंदर चढ मी आयुष्यात चढले नाही," ती म्हणाली.

"मग घाला की पुस्तकात!"

"नाही घालता येणार. माझे वाचक माणसं टाळायला सायकल चालवतात."

रात्री ती आमच्याकडेच राहिली. आमची पहिली पाहुणी. देल्फिनाने तिच्याकडून काही घेतलं नाही. जेवलेल्या पोरीकडून घेत नाहीत. मग तिने चारही खोल्यांच्या चादरी काढल्या आणि पेटीत भरल्या.

उतार.

हल्ली मी कानिओकडे जेवणानंतरची दुधाची कॉफी छान बनवतो. वर कोकोने पानंसुद्धा काढतो. परवा एक सायकलवालं जोडपं जेवायला आलं. त्यांनी मी कुठला ते विचारलं, आणि मी सांगताच बाईने पिशवीतून पुस्तक काढून दाखवलं. नवी आवृत्ती! त्यात आमचा रस्ता होता! आम्ही गेलो, मागून लिगोरिओ तोरिनोला गेला, औषधवालीने दुकान मिटलं, प्रोस्पेरोकाकाला मुलीने नेलं. फेम्केबाई पुन्हा एकदा चढून आली होती, या वेळी फेब्रुवारीत. गाड्या: शून्य. पाच तारे!

खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: 'वेशीवर उजवीकडे एक बंद पाहुणेघर लागतं. आत कुणी राहत नाही. पायरीवर सावली उत्तम, डबा खायला आदर्श जागा.'

पायरी मी स्वतः बसवलेली आहे, मंडळी. बसा खुशाल. फक्त उठताना तेवढं खरकटं उचला.